शेवाळाची तीन कुळे

मराठीत शेवाळ हा शब्द फारशा मानाने वापरला जात नाही. विहिरीच्या पायऱ्यांवर पाय घसरवणारे, टाकीच्या भिंती हिरव्या करणारे, तळ्यावर साय धरणारे जे जे काही ओले आणि बुळबुळीत असते, त्या सर्वांना शेवाळ म्हणून आपण मोकळे होतो. वस्तुतः तळ्यातील पाण्याचा एक थेंब सूक्ष्मदर्शकाखाली धरला, तर या एकाच नावाखाली परस्परांशी फार दूरचे नाते असलेले जीव आपण एकत्र कोंबले आहेत हे ध्यानात येते. त्यांपैकी तीन कुळांचा, म्हणजे नीलहरित शैवले, करंडक शैवले (ज्यांना डायाटम म्हणतात) आणि डायनोफ्लॅजेलेट्स यांचा परिचय प्रस्तुत लेखात करून देण्याचा विचार आहे.

आम्ही इतिहासाचे शिक्षक. तरीही या विषयाकडे वळण्यास दोन कारणे घडली. पहिले असे की, राजघराण्यांच्या आणि युद्धांच्या कितीतरी आधी पृथ्वीवर जी सर्वांत मोठी उलथापालथ झाली, ती या सूक्ष्म जीवांनी घडवली. तिच्याकडे इतिहासाच्या अभ्यासकाने पाठ फिरवणे योग्य नव्हे. दुसरे कारण अधिक निकडीचे आहे. आपल्या शाळेतून बाहेर पडलेले विद्यार्थी आज शेतात, ग्रामपंचायतीत, पाणीपुरवठ्याच्या कामावर आणि दवाखान्यांत आहेत. पाणी हिरवे झाले म्हणजे ते कोणत्या जीवामुळे झाले, हे ओळखता येणे वा न येणे यावर माणसांचे आरोग्य अवलंबून असते. ही ओळख रंगावरून पुरती पटत नाही. ती रचनेवरूनच पटते.

रंगाकडून रचनेकडे

हॉलंडमधील डेल्फ्ट गावचा कापडाचा व्यापारी अँटनी व्हान लेव्हनहूक याने स्वतः घासलेल्या भिंगांतून १६७४ साली एका तळ्याचे पाणी पाहिले आणि त्यातील हिरव्या तंतूंचे व हालत्या जीवांचे वर्णन लंडनच्या रॉयल सोसायटीस पत्राने कळवले. १७०३ साली त्याच सोसायटीच्या नियतकालिकात इंग्लंडमधील एका अनामिक गृहस्थाचे निरीक्षण छापले गेले. पाणवनस्पतीच्या मुळांना चिकटलेल्या चौकोनी, एकमेकांना टोकाला जोडलेल्या नाजूक आकृत्या त्याने पाहिल्या होत्या. करंडक शैवलांचे हे पहिले वर्णन मानले जाते.

पुढे या जीवांची संख्या वाढत गेली तशी वर्गवारीची गरज भासू लागली. १८३६ साली आयरिश वनस्पतिशास्त्रज्ञ विल्यम हार्वे याने शैवलांची विभागणी मुख्यतः रंगांच्या आधारे केली. त्या काळी ती उपयुक्त ठरली, परंतु रंग हा वरवरचा पुरावा आहे. इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाने पेशीचा अंतर्भाग दाखवला तेव्हा पहिला प्रश्न बदलला. पेशीत पडद्याने वेढलेले केंद्रक आहे की नाही, हा तो प्रश्न होय. नीलहरित शैवलांत ते नाही. १९६२ साली रॉजर स्टॅनियर आणि कॉर्नेलिस व्हान नील यांनी हा भेद स्पष्टपणे मांडला आणि पुढे ही शैवले वनस्पतींच्या रांगेतून उठून जीवाणूंच्या रांगेत गेली. म्हणूनच आज त्यांना सायनोबॅक्टेरिया म्हणतात. डायाटम आणि डायनोफ्लॅजेलेट्स यांच्या पेशीत मात्र केंद्रक असते. एवढ्या एका गोष्टीने नीलहरित शैवल हे डायाटमपेक्षा दह्यातल्या जीवाणूला अधिक जवळचे ठरते.

नीलहरित शैवले

या कुळाची पेशी साधी असते. केंद्रक नाही, हरितलवक नाही. हरितद्रव्य धारण करणाऱ्या चपट्या पडद्यांच्या घड्या पेशीरसातच पसरलेल्या असतात. त्या पडद्यांवर फायकोसायनिन नावाचे निळे रंगद्रव्य असते. हरितद्रव्याचा हिरवा आणि याचा निळा मिळून नीलहरित छटा येते. फायकोएरिथ्रिन हे तांबडे रंगद्रव्य जेथे अधिक, तेथे हेच ‘नीलहरित’ शैवल तांबूस दिसते. समुद्रावर तरंगणाऱ्या ट्रायकोडेस्मियमचे थर कधी भुशासारखे तपकिरी, तर कधी लालसर दिसतात, ते यामुळेच. पेशीभोवती बहुधा श्लेष्माचे आवरण असते. ओल्या फरशीवरचा काळपट थर बुळबुळीत लागतो तो त्याच्यामुळे, आणि उन्हाळ्यात कोरडा पडलेला थर पहिल्या पावसात पुन्हा जिवंत होतो त्यातही या आवरणाचा वाटा आहे.

रचना साधी असली तरी विविधता थोडकी नाही. क्रूकॉकस एकेकटा किंवा दोन-चार पेशींच्या गटाने राहतो. मायक्रोसिस्टिसच्या असंख्य गोल पेशी एका श्लेष्मात गुंतून अनियमित पुंजके करतात. ऑसिलॅटोरिया हा नाण्यांच्या चळतीसारखा सरळ तंतू असून तो संथपणे डोलतो. त्यावरूनच त्याला हे नाव मिळाले. स्पायरुलिना स्प्रिंगसारखा वळलेला, नॉस्टॉक मण्यांच्या माळेसारखा, तर स्टायगोनेमाला खऱ्या फांद्या फुटतात. आपल्या देशातील या कुळाची सविस्तर नोंद टी. व्ही. देसिकाचारी यांनी ‘सायनोफायटा’ या १९५९ साली प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात केली असून आजही अभ्यासक तो चाळतात.

या कुळातील एक रचना विशेष लक्ष देण्याजोगी आहे. हवेत नत्र विपुल असला तरी वनस्पतींना तो थेट घेता येत नाही. काही नीलहरित शैवले तो बांधून संयुगरूपात आणतात; परंतु हे काम करणारे विकर प्राणवायूच्या संपर्काने निकामी होते, आणि प्रकाशसंश्लेषण करणारी पेशी तर स्वतःच प्राणवायू सोडते. ही अडचण ॲनाबीना आणि नॉस्टॉक यांनी श्रमविभागणीने सोडवली आहे. माळेतील साधारण दहा-वीस पेशींमागे एक पेशी वेगळे रूप घेते. तिची भिंत जाड होते आणि प्राणवायू निर्माण करणारी यंत्रणा ती बंद करते. हिला हेटरोसिस्ट म्हणतात. शेजारच्या पेशी तिला साखर पुरवतात आणि ती त्यांना नत्राची संयुगे देते. ही पेशी आपले वेगळे रूप सोडून पुन्हा पूर्ववत होत नाही, की विभागतही नाही.

भाताच्या खाचरांत वर्षानुवर्षे खत न घालताही पीक का येते, या प्रश्नाचे उत्तर याच पेशीत आहे. ढाका विद्यापीठातील पी. के. डे यांनी १९३९ साली खाचरांतील नत्राचे स्थिरीकरण मुख्यतः नीलहरित शैवलांमुळे होते हे दाखवून दिले. पुढे बनारस हिंदू विद्यापीठातील आर. एन. सिंह यांनी उत्तरेकडील उसर, म्हणजे क्षारपड, जमिनी याच शैवलांच्या साहाय्याने सुधारण्याचे प्रयोग केले. आमच्या पालकांपैकी जे जनावरांसाठी अझोला वाढवतात, त्यांनी हे ध्यानात घ्यावे की अझोलाच्या पानांतील पोकळीत ॲनाबीना वस्तीला असते. अझोला खत म्हणून गुणकारी ठरतो तो या बिऱ्हाडामुळे.

करंडक शैवले

डायाटमला मराठीत करंडक हे नाव ज्या कोणी दिले, त्याने रचना नेमकी हेरली. करंडा म्हणजे झाकणाची डबी. डायाटमची पेशी सिलिकाच्या, म्हणजे काचेच्या जातीच्या द्रव्याच्या, दोन अर्ध्या कवचांत बसलेली असते; वरचे अर्धे किंचित मोठे असून ते खालच्यावर झाकणासारखे बसते. कवचावर छिद्रे, रेघा आणि कंगोरे यांची इतकी नियमित नक्षी असते की एकोणिसाव्या शतकात सूक्ष्मदर्शकाचे भिंग किती चांगले आहे, हे डायाटमच्या रेघा स्पष्ट दिसतात की नाही यावरून ठरवत. आतील हरितलवकांत फ्यूकोझँथिन हे रंगद्रव्य असल्यामुळे जिवंत डायाटम सोनेरी-तपकिरी दिसतो. ओढ्यातील दगडावरचा तपकिरी निसरडा लेप पुष्कळदा डायाटमचा असतो. जादा अन्न तो तेलाच्या थेंबांच्या आणि एका विशिष्ट शर्करेच्या रूपाने साठवतो.

यांचे दोन मोठे गट पडतात. एकात कवच वाटोळे असून नक्षी चक्राच्या आऱ्यांप्रमाणे मध्यापासून बाहेर जाते. असे डायाटम बहुतांशी तरंगते जीवन जगतात. दुसऱ्यात कवच होडीसारखे लांबट असते व नक्षी मध्यरेषेच्या दोन्ही बाजूंस असते. या गटातील अनेकांच्या कवचात एक लांब फट असते. तिच्यातून स्रवणाऱ्या श्लेष्माच्या जोरावर हे जीव तळावरून सरकतात. वर्णन झालेल्या जातींची संख्याच दहा हजारांवर असून अद्याप न वर्णिलेल्या जाती त्यांहून कितीतरी अधिक असाव्यात असा अंदाज आहे.

काचेच्या घरात राहण्याची एक किंमत असते. पेशी विभागते तेव्हा दोन्ही कन्यापेशींना जुन्या कवचाचे एकेक अर्धे मिळते आणि प्रत्येक पेशी ते झाकण समजून त्याच्या आत नवे अर्धे घडवते. ज्या पेशीस मूळचे खालचे अर्धे मिळाले, ती साहजिकच आईपेक्षा लहान होते. असे पिढ्यान्‌पिढ्या चालले की कुळाची सरासरी लांबी घटत जाते. १८६९ च्या सुमारास मॅक्डोनल्ड आणि फिट्झर यांनी स्वतंत्रपणे हे ओळखले. विशिष्ट मर्यादेपर्यंत लहान झाल्यावर लैंगिक प्रजनन होते. त्यातून जन्मणारी पेशी कठीण कवच टाकून फुगते, मूळ आकार गाठते आणि मग नवे कवच धारण करते.

मेलेल्या डायाटमचे कवच सहजी कुजत नाही. लक्षावधी वर्षे तळाशी साचलेल्या अशा कवचांची पांढरी, हलकी, सच्छिद्र माती बनते. १८६७ साली आल्फ्रेड नोबेलने याच मातीत नायट्रोग्लिसरीन मुरवून डायनामाइट तयार केले. द्रवपदार्थ गाळण्यासाठी आजही ती वापरतात. न्यायवैद्यकातही हे कवच कामी येते. बुडताना हृदय चालू असेल तर फुप्फुसांत शिरलेल्या पाण्याबरोबर डायाटम रक्तात आणि तेथून अस्थिमज्जेपर्यंत पोहोचतात. मृत्यूनंतर प्रेत पाण्यात टाकले असेल तर बहुधा तसे होत नाही. आम्लाने मज्जा विरघळली तरी कवचे शिल्लक राहतात. एकटा हा पुरावा निर्णायक मानत नसले, तरी इतर पुराव्यांच्या जोडीने तो पाहिला जातो.

डायनोफ्लॅजेलेट्स

या नावातील पहिला शब्द ग्रीक असून त्याचा अर्थ गरगर फिरणे. दुसऱ्याचा अर्थ चाबूक. मराठी शास्त्रीय परिभाषेत त्या चाबकास कशाभिका म्हणतात. या जीवाच्या अंगावर दोन खाचा असतात, एक कमरपट्ट्यासारखी आडवी आणि दुसरी तीपासून मागे जाणारी उभी. आडव्या खाचेत फितीसारखी नागमोडी कशाभिका हालते, उभ्या खाचेतील कशाभिका मागे झटके देते, आणि दोहोंच्या जोरावर हा जीव भोवऱ्याप्रमाणे फिरत पुढे सरकतो.

काहींच्या पृष्ठभागाखाली सेल्युलोजच्या तकटांचे चिलखत असते. सेरॅटियम, पेरिडिनियम, अलेक्झांड्रियम हे असे चिलखती होत. जिम्नोडिनियम, नॉक्टिल्युका इत्यादींना चिलखत नसते. चिलखतातील तकटांची संख्या आणि मांडणी यांवरून जाती ओळखतात. केंद्रकही आगळे असते. आपल्या पेशीतील गुणसूत्रे विभाजनाच्या वेळीच आखडून स्पष्ट होतात. यांची कायमच आखडलेली असतात. सुमारे दोन हजार सजीव जातींपैकी जवळपास निम्म्यांत हरितलवक नसते. त्या दुसऱ्यांना खाऊन किंवा दुसऱ्यांच्या अंगात राहून जगतात. एकाच कुळात वनस्पतीप्रमाणे अन्न बनवणारे आणि प्राण्याप्रमाणे शिकार करणारे असे दोघे नांदत असल्याने वनस्पतिशास्त्रज्ञ आणि प्राणिशास्त्रज्ञ या दोघांनीही त्यांच्यावर हक्क सांगितला आहे.

कोकण किनाऱ्यावर काही रात्री लाटा फुटताना निळसर उजेड पडतो. तो पुष्कळदा नॉक्टिल्युकाचा असतो. पाणी हलले की त्याच्या पेशीत एक रासायनिक क्रिया होऊन क्षणभर प्रकाश निर्माण होतो. अरबी समुद्रात अलीकडच्या दशकांत हिवाळ्यात याचे विस्तृत थर दिसू लागले असून, पूर्वी त्या ऋतूत तेथे डायाटमचे प्राबल्य असे. याच कुळातील काही जाती प्रवाळांच्या शरीरात राहून त्यांना अन्न पुरवतात. पाणी अधिक तापले की ही सोबत मोडते आणि प्रवाळ पांढरे पडतात.

एकाच्या पोटात दुसरा

या तीन कुळांना जोडणारा धागा येथे सांगणे आवश्यक आहे. पृथ्वीच्या आरंभीच्या वातावरणात मुक्त प्राणवायू जवळजवळ नव्हता. पाण्याचे विघटन करून प्राणवायू सोडण्याची युक्ती प्रथम नीलहरित शैवलांच्या पूर्वजांना साधली, आणि सुमारे २४० कोटी वर्षांपूर्वी तो वायू हवेत साचू लागला. पुढे एका केंद्रकधारी पेशीने अशा एका नीलहरित जीवाला गिळले, परंतु पचवले नाही. तोच हरितलवक होय. हा विचार १९०५ साली रशियन शास्त्रज्ञ मेरेश्कोव्स्की यांनी मांडला होता. १९६७ साली लिन मार्ग्युलिस यांनी तो नव्या पुराव्यांसह पुन्हा मांडला आणि कालांतराने तो सर्वमान्य झाला. डायाटम आणि बहुतेक प्रकाशसंश्लेषक डायनोफ्लॅजेलेट्स यांची कथा आणखी एक पायरी पुढे जाते. त्यांच्याकडील हरितलवक हे गिळलेल्या तांबड्या शैवलापासून आले आहे. सोपारा येथील स्तूपात १८८२ साली पंडित भगवानलाल इंद्रजी यांना एकात एक ठेवलेले करंडक सापडले, हे आमच्या विद्यार्थ्यांना ठाऊक आहे. डायाटमची पेशी तशीच उघडत जावी लागते. काचेच्या डबीत पेशी, पेशीत तांबड्या शैवलाचा अवशेष आणि त्याच्या आत नीलहरित जीवाचा.

आज पृथ्वीवरील प्रकाशसंश्लेषणाचा साधारण निम्मा भाग समुद्रातील तरंगत्या सूक्ष्म जीवांकडून होतो आणि एकूणापैकी सुमारे एक पंचमांश एकट्या डायाटमकडून होतो, असा शास्त्रज्ञांचा अंदाज आहे.

पिण्याचे पाणी आणि आपण

आता ज्या कारणासाठी हा लेख मुख्यतः लिहिला, त्याकडे वळू. सांडपाणी आणि खतांतील फॉस्फेट साचलेल्या, संथ, तापलेल्या पाण्यात नीलहरित शैवले बेसुमार वाढतात. मायक्रोसिस्टिससारख्या काही जाती यकृतावर आघात करणारे विष तयार करतात. शिजवल्या-उकळल्याने हे विष नाहीसे होत नाही. उलट उकळताना पेशी फुटून ते पाण्यात मिसळते.

ऑस्ट्रेलियाच्या क्वीन्सलंड राज्यात पाम बेट नावाचे आदिवासींच्या वस्तीचे बेट आहे. १९७९ साली तेथे १४८ जण यकृत आणि आतड्यांच्या विकाराने आजारी पडले. त्यांत बहुतेक मुले होती. आधी कारण कळेना, म्हणून त्यास गूढ आजार म्हटले गेले. पुढील संशोधनात उलगडा झाला तो असा. धरणाच्या पाण्यावर शैवल माजले म्हणून काही दिवस आधीच त्यात मोरचूद टाकला होता. त्याने शैवल मेले, परंतु पेशींतील विष पाण्यात उतरले आणि नळांतून घरोघरी गेले. ब्राझीलमधील करुआरू येथे १९९६ साली अशाच दूषित जलाशयाचे पाणी एका डायलिसिस केंद्रात वापरले गेले आणि पन्नासहून अधिक रुग्ण दगावले. एकीकडे बेटावरची आदिवासी मुले आणि दुसरीकडे यंत्राला जोडलेले रुग्ण. दुसरे पाणी निवडण्याची सोय यांपैकी कोणालाच नव्हती. पाणी देणाऱ्याने शास्त्र जाणले पाहिजे ते यासाठी.

डायनोफ्लॅजेलेट्सच्या बाबतीत धोका खाण्यातून येतो. काही जातींचे मज्जासंस्थेवर परिणाम करणारे विष शिंपल्यांच्या अंगात साठते आणि शिजवूनही जात नाही. केरळमधील विळिंजम येथे १९९७ साली असे शिंपले खाल्ल्याने सात जणांचा मृत्यू झाला. समुद्राचे पाणी अचानक तांबूस वा हिरवे झाले असता त्या काळात तिसऱ्या आणि कालवे खाणे टाळावे. मात्र पाण्याचा रंग न बदलताही विष असू शकते. म्हणून मत्स्यविभागाची सूचना असेल तर ती पाळावी.

तळ्याच्या बाबतीत रचनेचे ज्ञान कसे उपयोगी पडते ते पाहा. हिरव्या पाण्यात काठी फिरवून वर काढावी. केसांसारखे लांब धागे लोंबू लागले तर ते बहुधा साधे हिरवे शैवल असते. काठीला रंगाचा हात दिल्यासारखा लेप बसला तर नीलहरित शैवलाचा संशय घ्यावा. दुसरी कसोटी अशी. पारदर्शक बरणीत तीन-चतुर्थांश पाणी भरावे आणि ती रात्रभर न हलवता ठेवावी. माजणाऱ्या नीलहरित शैवलांच्या पेशीत हवेने भरलेल्या सूक्ष्म पुटिका असतात, त्यामुळे ती वर येऊन साय धरतात. इतर बरेचसे जीव तळाशी बसतात. हे करताना हातमोजे घालावेत. या दोन्ही कसोट्या केवळ संशय दर्शवतात. निर्णय प्रयोगशाळेनेच करावयाचा असतो. जागतिक आरोग्य संघटनेने मायक्रोसिस्टिन-एलआर या विषाची पिण्याच्या पाण्यातील मर्यादा लिटरमागे एक मायक्रोग्रॅम ठरवली आहे, आणि एवढे सूक्ष्म प्रमाण डोळ्यांना दिसणे शक्य नाही. संशय आल्यास माणसांसाठी व गुरांसाठी ते पाणी थांबवावे, मोरचूद टाकण्याची घाई करू नये, आणि पाण्याचा नमुना जिल्ह्याच्या पाणी तपासणी प्रयोगशाळेकडे पाठवून नीलहरित शैवलांची तपासणी व्हावी असे स्पष्ट लिहून द्यावे.

सूक्ष्मदर्शक ही आता दुर्मिळ वस्तू राहिलेली नाही. नवीन पिढीच्या विद्यार्थ्यांना आमचे सांगणे एवढेच की, पाठ्यपुस्तकातील आकृत्या पाहून थांबू नये. पावसाळ्यात खाचरातील, हिवाळ्यात ओढ्यातील आणि उन्हाळ्यात तळ्यातील एकेक थेंब पाहावा आणि वहीत तारीख घालून चित्र काढावे. पेशी एकटी आहे की माळेत, केंद्रक दिसते की नाही, कवचाला झाकण आहे काय, जीव फिरतो की सरकतो, हे चार प्रश्न विचारले तरी बहुतेक वेळा कुळ ओळखता येईल. गावोगावी अशा दोन-तीन वर्षांच्या नोंदी जमल्या, तर आपल्या तळ्याचे पाणी कोणत्या महिन्यात बिघडते हे गावाला आधीच कळेल, आणि ग्रामसभेत पाण्याविषयी बोलताना आपल्या माणसाच्या हाती तारखांसह पुरावा असेल.